चार दिवसांची सरासरी

१

रत्नाकर मेश्राम गुरुवारी दुपारी मेला आणि त्याच दुपारी खोटारडाही ठरला. मरणाचं कारण डॉक्टरांनी लिहून दिलं: हृदय बंद पडलं. खोटेपणाचा कबुलीजबाब त्यानं स्वतःच दिला, असं जबलपूरमधलं सगळं महाराजपूर दबक्या आवाजात बोलत होतं.

तो कबुलीजबाब इंटरनेटवर होता. ‘मापकट्टा’ नावाची चर्चेची एक जागा होती. कारखान्यांत यंत्रांवर काम करणारी चार-पाचशे मराठी माणसं तिथे वाद घालत. सॉफ्टवेअर नेमकं कोणाच्या मालकीचं, परवान्यात काय लिहिलेलं असतं, मोठ्या कंपनीनं लहानांना किती जखडावं, असे वाद. रत्नाकर तिथे ‘वीस अंश’ या नावानं लिहायचा. गुरुवारी, तेरा मे रोजी, दुपारी तीन पन्नासला त्या नावाखाली मजकूर आला: “यंत्रमेरू कंपनीनं माझा प्रोग्राम उचलला हा माझा आरोप खोटा आहे. त्यातला तापमानाचा तक्ता माझा नाही. दिल्लीच्या आयोगाकडची तक्रार मी मागे घेतो. माफी असावी.” आणि त्याचं दोन वर्षांचं बाकी सगळं लिखाण पुसलं गेलं होतं.

अनसूया गजभिये यांनी तो मजकूर छापलेला कागद रविवारी रत्नाकरच्या घरी वाचला, दोनदा, आणि घडी न घालता परत ठेवला. अनसूयाबाईंचं वय एकसष्ट. संरक्षण कारखान्याच्या गेज रूममध्ये, म्हणजे जिथे मोजमापाची साधनंच मोजली जातात त्या थंड खोलीत, त्यांची तेहतीस वर्षं गेली. रत्नाकर त्यांच्याच हाताखाली शिकला होता. बोलणं कमी, नजर सावकाश, अशी त्यांची ख्याती.

“ताई,” रत्नाकरची बायको लतिका म्हणाली, “मला एकच सांगा. हे खोटं बोलत होते काय? दोन वर्षं मी सगळ्यांना सांगून राहिली, माझ्या नवऱ्यानं बनवलं म्हणून.”

बाजूच्या खुर्चीवर चिंतामणी रामटेके बसला होता. रत्नाकरचा लहानपणापासूनचा मित्र. गोहलपुरात त्याचा कॉम्प्युटर क्लास होता आणि मापकट्टाही तोच चालवायचा. चार दिवसांत त्याची दाढी वाढली होती, डोळे सुजले होते.

“वहिनी, आता तो विषय नका काढू,” तो म्हणाला. “ताई, तुम्हाला काय सांगू. साडेतीनच्या नंतर त्याचा फोन आला. म्हणे, लाइट गेली आहे, माझ्याकडून आता काही लिहिल्या जात नाही. मी सांगतो, तू लिही. अन् जुनं सगळं पुसून टाक. मी म्हटलं, रत्ना, थांब, मी येतो. क्लासमध्ये इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर लावून त्यानं सांगितलं ते लिहिलं आणि निघालो. पोहोचेपर्यंत…”

“फोन किती वाजता?”

“तीन पस्तीस. पोलिसांनीही पाहिलं न. दोन मिनिटं.”

“पुसून टाक म्हणाला?”

“हो. सगळं.”

गेज रूमचा पहिला नियम अनसूयाबाईंनीच रत्नाकरला शिकवला होता. चुकलेलं माप पुसायचं नाही, गिरवायचं नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. वीस वर्षांत रत्नाकरनं खोडरबर हातात धरलेला त्यांनी पाहिला नव्हता.

टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. मृताची वारस म्हणून लतिकेला ही माघार मान्य आहे, असं त्यात लिहिलं होतं. आयोगापुढची सुनावणी पंचवीस तारखेला होती. खाली सहीची जागा मोकळी होती.

“हा कोणी आणला?”

“मीच,” चिंतामणी म्हणाला. “वहिनींना दिल्लीचे हेलपाटे नकोत म्हणून.”

“सही आत्ता करू नकोस, लतिका,” अनसूयाबाई उठता उठता म्हणाल्या. “त्याच्या गेज रूममधला कागद उद्या बदलायचा आहे. तेवढा बदलून येते.”

२

रिछाई या औद्योगिक भागात श्यामसुंदर अग्रवाल यांच्या कारखान्याच्या मागच्या बाजूला ती खोली होती. संरक्षण कारखान्यातून लवकर निवृत्ती घेऊन रत्नाकरनं ती उभी केली होती. जाड दार, भिंतींना थर्माकोल, मधोमध काळ्या दगडाचं सपाट टेबल. आतलं तापमान बारा महिने वीस अंश. कारण लोखंड उन्हाळ्यात फुगतं आणि माप वीस अंशांवरचंच खरं धरतात.

पण अशी खोली गोहलपुरातल्या एका लेथवाल्याला कुठून परवडणार? म्हणून रत्नाकरनं प्रोग्राम लिहिला. २००८ साली वर्षभर, रोज दुपारी बारा वाजता, त्यानं गोहलपुरातल्या एका पत्र्याच्या शेडमधलं तापमान मोजलं. तीनशे सहासष्ट दिवसांचा तक्ता. तक्त्याच्या आधारानं प्रोग्राम उन्हाळ्यातल्या फुगलेल्या मापातून खरं माप काढून देई. तो त्यानं मोकळ्या परवान्यावर दिला: कोणीही वापरा, बदला, वाटा, फक्त मूळ लेखकाचं नाव ठेवा आणि तुमचे बदलही उघडे ठेवा.

वर्षभरात यंत्रमेरू कंपनीच्या मोजयंत्रांसोबत तोच प्रोग्राम कुलूपबंद होऊन आला. नाव त्यांचं. शिवाय अट अशी की यंत्रावर दुसरं कोणतंही सॉफ्टवेअर चालवलं तर दुरुस्तीची हमी रद्द.

अनसूयाबाईंनी दार उघडलं. आत मेलेल्या माणसाची चटई अजून दगडी टेबलाशेजारी जमिनीवर होती. दुपारी वीज गेली की रत्नाकर दार लावून घेई, मोजायचे भाग आत निवायला ठेवी आणि चटईवर आडवा होई. भाग खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दार कोणी उघडायचं नाही, हे रिछाईतल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं.

कोपऱ्यात चावीचा आलेखक होता. पितळी ढोल, त्यावर आठवड्याचा कागद, त्यावर सरकणारी शाईची निब. याला वीज लागत नाही. दर सोमवारी चावी द्यायची आणि कागद बदलायचा. आजकाल कोणी ठेवत नाही; रत्नाकरनं ठेवला, कारण बाईंनी ठेवला होता.

त्यांनी कागद सोडवला. गुरुवारपर्यंत वीसवर सरळ रेघ. गुरुवारी दोनला पाच कमी असताना एक बारीक टोक: दार उघडून बंद झालेलं. दोनला रोजच्या भारनियमनात वीज गेली. मे महिना, बाहेर त्रेचाळीस, वातानुकूलन बंद. रेघ वर चढायला हवी होती.

रेघ खाली गेली होती. सलग, एकाही खाचेशिवाय; वीसवरून अकरावर. चार वीसला, दार उघडल्यावर, ती एकदम वर उसळली होती.

अनसूयाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. वीज नसताना, मे महिन्यात, बंद खोली थंड होत गेली होती.

३

“दीदी, मैं क्या बोलूँ,” श्यामसुंदर अग्रवाल म्हणाले. जबलपुरात जन्मलेला, मराठी समजणारा, हिंदीत बोलणारा माणूस. “मेरी दोनो तरफ से मरन थी. कंपनीवाले बोलते थे, इस आदमी को निकालो, नहीं तो मशीन की गारंटी खतम. मैंने नहीं निकाला. पूछ लो किसी से.”

“काढलं नाही, पण त्यांची तीन यंत्रं घेतलीत.”

“लेना पडा. ठेका उसी को मिलता है जिसके पास वो मशीन है.” त्यांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. “रत्नाकर जी यही तो लिखते थे. मैं रोज पढता था. लिख नहीं सका कभी उनके साथ.”

“तुमच्याकडे बुश बसवायला कोरडा बर्फ येतो ना?”

“बुधवार को. दो पेटी.” बुश म्हणजे यंत्राच्या भोकात बसणारी धातूची नळी, ती थंड करून आकसवली की ठोकाठोक न करता बसते.

शेडमध्ये सुखराम होता, तीस वर्षांपासूनचा जुना फिटर, मूळ भंडाऱ्याकडचा. अनसूयाबाई त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या.

“सुखराम, गुरुवारी पेट्या किती होत्या?”

“सकाळी दोन, बाई. जेवणानंतर पाहतो तर एकच. मी म्हटलं, उडून गेला असंल. तो काय पाणी होते थोडीच, हवाच होते.”

“पेटीसकट उडाला?”

सुखरामनं मान खाली घातली. “माझं लक्ष नव्हतं, बाई.”

“दुपारी बाहेरचं कोण कोण आलं?”

“श्रीरंग साहेब आले होते, कंपनीचे. दीड वाजता. लिफाफा देऊन, तणतण करून गेले, पाच मिनिटांत. बाकी कोणी नाही.”

“आठवून सांग.”

“बाहेरचं कोणीच नाही न.”

“रत्नाकरचा फोन कुठे होता?”

“जिथे राहते तिथेच. बाहेर, खुंटीवरच्या पिशवीत. अंगाच्या उबेनं माप बिघडते तर फोन कसा नेतील आत? तुमचाच नियम म्हणून सांगायचे.”

त्या पुन्हा गेज रूममध्ये गेल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. दगडी टेबलाखाली, पॅकिंगच्या रिकाम्या खोक्यांमागे, थर्माकोलची एक पेटी होती. झाकणाला पेन्सिलीएवढी भोकं पाडलेली. आत काही नव्हतं. ओलसुद्धा नव्हती. साधा बर्फ पाणी मागे ठेवतो. कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, जड वायू होतो. तो जमिनीवर पाण्यासारखा साचत जातो आणि चटईवर झोपलेल्या माणसाच्या नाकापर्यंत आधी पोहोचून त्याचा श्वास कोंडतो.

रत्नाकरचं हृदय आपोआप बंद पडलं नव्हतं.

४

लतिकेला कॉम्प्युटर येत नव्हता, म्हणून रत्नाकर कट्ट्यावरचा वाद छापून तिला वाचायला देई. पुसलं गेलेलं सगळं तिच्याकडे एका निळ्या फाइलमध्ये होतं. अनसूयाबाईंनी ती फाइल दोन दुपारी बसून वाचली.

“मोकळा परवाना म्हणजे बेवारस माल नव्हे,” असं वीस अंशनं लिहिलं होतं. “पाणपोईचं पाणी कोणीही प्यावं. पण माठ उचलून घरी नेला आणि वर आमच्याच तोट्या बसवा म्हणून दमदाटी केली, तर त्याला धंदा म्हणत नाहीत.”

खाली श्रीरंग पाटणकरचं उत्तर होतं. तो स्वतःच्या नावानं लिही. “काका, पाणपोई चालवायची तर तहानलेल्यांना हिशेब मागू नये. आणि कंपनीचा तक्ता कंपनीनं मोजलेला आहे. गुरुवारनंतर तुम्ही काही बोलणार नाही, एवढं सांगतो.”

त्यावर वीस अंशचं शेवटचं लिखाण, मंगळवारचं: “माझ्या तक्त्यात चार दिवस असे आहेत, ज्यांवर माझी खूण आहे. कोणते ते सुनावणीत सांगेन. चोरानं तोवर शोधत बसावं.”

श्रीरंग रेल्वे कॉलनीतल्या पाटणकरांचा मुलगा. दोन वर्षं रत्नाकरकडे शिकला आणि मग यंत्रमेरूचा इथला प्रतिनिधी झाला. त्याच्या ऑफिसात गार हवा होती, तरी तो घामाघूम होता.

“मॅडम, गुरुवारनंतर म्हणजे वकिलाची नोटीस. तीच द्यायला गेलो होतो. नोटीस मिळाल्यावर जाहीर बोलता येत नाही, एवढाच अर्थ होता त्याचा. मला काय माहीत तो…”

“तू त्याचा तक्ता चोरलास?”

“नाही.”

“मग कंपनीकडे कसा आला?”

श्रीरंगनं दाराकडे पाहिलं. “कंपनीनं चोरी नाही केली. रीतसर घेतला. हा प्रोग्राम आणि तक्ता मी स्वतः केला, असं लेखकाचं प्रतिज्ञापत्र आहे फाइलमध्ये. त्या माणसाला तांत्रिक सल्लागार नेमलंय. हे खोटं निघालं तर कंपनी हात झटकेल आणि तो जेलमध्ये जाईल.”

“कोणाची सही?”

“ते नाही सांगता येणार.” तो म्हणाला, “पण इकडच्या लोकांनी माझ्या दारावर शेण फासलं, मॅडम. सही तर तुमच्यातल्याच माणसाची आहे.”

५

अनसूयाबाईंनी बुधवारी पुन्हा सुखरामला गाठलं.

“सुखराम, बाहेरचं कोणी आलं नव्हतं. बरं. मग घरचं कोण आलं होतं?”

त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

“चिंतामणीभाऊ,” तो हळू म्हणाला. “दर गुरुवारी येतात न ते. दोघं एका डब्यात जेवतात. त्यांना काय बाहेरचं म्हणायचं, बाई?”

“किती वाजता गेला?”

“जाताना नाही पाहिलं. चार वीसला तेच धावत आले, रत्नाकरभाऊ फोनवर कसंतरी बोलून राहिले होते म्हणाले, अन् दार उघडलं. मला डॉक्टरकडे पिटाळलं.”

घरी येऊन त्यांनी रत्नाकरची २००८ची वही उघडली. तीनशे सहासष्ट आकडे. त्यांतले तीनशे बासष्ट शाईचे. चार पेन्सिलीचे, भोवती गोल केलेले, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘मोजलेलं नाही, मधलं घेतलं.’ आदल्या दिवसाचा आणि दुसऱ्या दिवसाचा आकडा, त्यांची बरोबर सरासरी. प्रामाणिक माणसानं आपल्या खाड्याची नोंद ठेवली होती.

चौदा एप्रिल. बुद्धपौर्णिमा. दसरा. सहा डिसेंबर.

श्यामसुंदर अग्रवालांच्या यंत्रातून त्यांनी कंपनीचा तक्ता उतरवून आणला होता. तो शेजारी ठेवला. त्याच चार तारखांना, दशांशापर्यंत, तीच सरासरी. आपण स्वतः मोजलं म्हणणाऱ्या त्या कंपनीचं थर्मामीटर बरोबर बाबासाहेबांच्या जयंतीला सुट्टीवर जात होतं.

तक्ता रत्नाकरचाच होता; लतिकेच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. पण चार दिवस कोणते हे रत्नाकरनं कोणालाच सांगितलं नव्हतं. तरी त्या एका वाक्यानं कोणीतरी इतकं घाबरलं, की दोन दिवसांत त्याचा जीव घेतला.

त्यांनी दसऱ्याच्या पानावर बोट ठेवलं. दसऱ्याला रत्नाकर नागपूरला जायचा, दीक्षाभूमीवर. जबलपूरहून बस निघायची. शेजारच्या सीटवर दरवर्षी एकच माणूस असायचा.

६

रविवारी सकाळी रत्नाकरच्या घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्याच्या स्मरणाचा, कार्यक्रम होता. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमत होती. बुद्धवंदना चिंतामणी म्हणणार होता. अनसूयाबाईंनी त्याला आतल्या खोलीत बोलावलं. लतिका तिथेच बसली होती. टेबलावर सही न झालेला कागद, शेजारी आलेखकाचा कागद.

“बस, चिंतामणी. फोनवर रत्नाकरचा आवाज कसा होता?”

“थकलेला. सांगितलं न, ताई.”

“तू स्वतः ऐकलास?”

“स्वतः ऐकला. काहून?”

“ही रेघ बघ.” त्यांनी पेन्सिलीचं टोक ठेवलं. “दोनला पाच कमी: रत्नाकर आत जाण्याआधी तू कोरड्या बर्फाची पेटी टेबलाखाली सरकवलीस, मग दार बंद झालं. चार वीस: तू उघडलंस. मधल्या अडीच तासांत दार एकदाही उघडलं नाही. बाहेर त्रेचाळीस अंश होते. बोटभर जरी उघडलं असतं तरी इथे खाच पडली असती. रत्नाकर पूर्ण वेळ आत होता. आणि फोन बाहेर, खुंटीवर.”

चिंतामणीनं कागद स्वतःकडे ओढला.

“तीन पस्तीसला त्या फोनवरून दुसऱ्या कोणीही नंबर लावला असता तर तुला रत्नाकरचा आवाज ऐकू आला नसता. तू ऐकला म्हणतोस. म्हणजे दोन्ही फोन एकाच माणसाच्या हातांत होते. तू क्लासमध्ये नव्हतास, त्या दाराबाहेर उभा होतास. त्याच्या नावानं कुठूनही लिहिणं तुला सोपं, कट्टा तुझाच.”

“हे यंत्र बंद असते,” तो पुटपुटला. “लाइट नव्हती.”

“त्याला चावी असते.”

बाहेर कोणीतरी मेणबत्त्या मांडत होतं. लतिका हलली नव्हती.

“खोलीतल्या बॅटरीवरच्या कॉम्प्युटरमधली तापमानाची नोंद तू सुखरामला पाठवून पुसली असशील,” अनसूयाबाई तशाच सुरात म्हणाल्या. “पुसायची तुला सवय. प्रतिज्ञापत्रावर सही तुझी आहे. आयोगासमोर ते निघेलच. पण एक मला कळत नाही. तू तक्ता विकलास तेव्हा ते चार आकडे बदलले का नाहीस?”

चिंतामणीनं कागद टेबलावर परत ठेवला.

“मला माहीतच नव्हतं,” तो म्हणाला. “मी तक्ता पाहिलाच नाही, ताई. आकडेच तर होते. मंगळवारी त्यानं चार दिवस लिहिलं, अन् मला एकदम कळलं. त्या चारही दिवशी तो माझ्यासोबत होता न. मोजणार कधी? चौदा एप्रिलला मिरवणुकीत माझ्याच खांद्यावर हात होता त्याचा.” त्यानं तळव्यांनी तोंड झाकलं. “मला वाटलं, मलाच लिहून राहिला. मलाच सांगून राहिला की मला कळलं आहे म्हणून.”

“त्याला कळलं नव्हतं,” लतिका पहिल्यांदाच बोलली. आवाज कोरडा होता. “मंगळवारी रात्री जेवताना म्हणाले, श्रीरंगनं असं काहून केलं असंल. चिंतामणीला विचारतो, म्हणाले. त्याला माणसं कळतात.”

चिंतामणीनं हात खाली घेतले नाहीत.

“गुरुवारी डब्यात भरली वांगी होती,” ती पुढे म्हणाली. “तुमच्यासाठी दोन जास्त टाकली होती, भाऊ. खाल्ली?”

दाराशी श्यामसुंदर अग्रवाल उभे होते आणि त्यांच्यामागे अधारताल ठाण्याचे दोन पोलीस. अनसूयाबाईंनी शनिवारीच आलेखकाच्या कागदाची प्रत, पेटी आणि सुखरामचं म्हणणं तिथे दिलं होतं. चिंतामणी उठला. पांढऱ्या सदऱ्याची बाही सारखी केली आणि जमलेल्या माणसांमधून, कोणाकडे न बघता, चालत गेला. अंगणात कोणालाच काही कळलं नाही. एका बाईनं विचारलंसुद्धा: “अरे, वंदना कोण म्हणणार मग?”

लतिका टेबलाशी आली. टाइप केलेला कागद तिनं पुढे ओढला.

“फाडू काय, ताई?”

“नको. फाडायचं नसतं.”

लतिकेनं थोडा विचार केला. मग रत्नाकरची पट्टी घेऊन तिनं ‘माघार मान्य आहे’ या शब्दांवर एकच बारीक आडवी रेघ मारली, अशी की खालचं स्पष्ट वाचता यावं. शेजारी लिहिलं: ‘तक्ता त्यांचाच. चार दिवस सोबतच्या वहीत.’ सही केली. तारीख घातली.

मग पदर डोक्यावर घेऊन ती वंदना म्हणायला बाहेर गेली.